माळ्यावरच्या महालक्ष्म्या : जुन्या मुखवट्यांची ओळख आणि मोल

नांदेड, लातूर आणि एकूणच मराठवाड्यात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर त्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांना पुरणपोळीचा महानैवेद्य होतो आणि मूळ नक्षत्रावर अक्षता टाकून त्यांना निरोप दिला जातो. कोकणात बऱ्याच घरी खड्यांच्या किंवा तेरड्याच्या गौरी असतात. मराठवाड्यात उभ्या महालक्ष्म्यांची रीत अधिक. पत्र्याच्या किंवा लोखंडी सळयांच्या कोठीला साडी नेसवायची, वर मुखवटा बसवायचा, दागिने घालायचे आणि ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघींच्या पुढ्यात त्यांची पिलवंडे, म्हणजे बाळे, ठेवायची. तीन दिवसांनी साड्या घडी घालून ठेवल्या जातात, दागिने कपाटात जातात आणि मुखवटे कापडात गुंडाळून वर्षभरासाठी माळ्यावरच्या ट्रंकेत जातात.

या ट्रंकेतला मुखवटा किती जुना, कशाचा आणि किती मोलाचा हा प्रश्न बहुधा दोन प्रसंगी निघतो. घराची वाटणी होते तेव्हा, किंवा जुना मुखवटा मोडीत देऊन नवा घ्यायचे ठरते तेव्हा. दोन्ही वेळी घाई असते आणि घाईत चुकीचे उत्तर निघते. मुखवट्याची ओळख पटवण्याची रीत ठरलेली आहे. आधी तो कशाचा आहे ते पाहायचे, मग कसा घडवला ते, मग काळ, मग अवस्था. किमतीचा विचार सर्वांत शेवटी.

कशाचा आहे?

जुन्या घरांत आढळणारे मुखवटे पितळेचे, चांदीचे, शाडूचे, कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे असतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे आणि फायबरचे मुखवटे अलीकडचे. फायबरचा मुखवटा पणजीच्या काळातला आहे असे कोणी सांगितले, तर ती आठवण दुसऱ्याच मुखवट्याची असते. मधल्या काळात तो बदललेला असतो.

धातू ओळखण्याची पहिली परीक्षा चुंबकाची. पितळ आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. मुखवटा चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. दुसरी परीक्षा झिजेची. नाकाचा शेंडा, हनुवटी आणि कानाच्या कडा वर्षानुवर्षे पुसल्या जातात. चांदीसारख्या दिसणाऱ्या मुखवट्याच्या नाकावर पिवळी छटा डोकावत असेल, तर तो पितळेवर चांदी चढवलेला आहे. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत १८४० नंतर युरोपात धंद्यासाठी वापरात आली आणि पुढे भारतात पोचली. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत तर चांदी नसतेच. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे.

तिसरी परीक्षा वजनाची, आणि ती घरच्या घरी करता येते. समजा, एका मुखवट्याचे कोरडे वजन ८४० ग्रॅम भरले. तोच मुखवटा दोऱ्याने काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवला, आत हवा अडकू दिली नाही, तेव्हा वजन ७४० ग्रॅम आले. फरक १०० ग्रॅमचा. ८४० ला १०० ने भागले की ८.४ ही घनता मिळते, आणि ती पितळेची आहे. शुद्ध चांदीची घनता साधारण १०.५ आणि ॲल्युमिनियमची २.७ असते. ही परीक्षा फक्त उघड्या धातूच्या मुखवट्यावर करावी. शाडूचा, लगद्याचा, लाकडाचा किंवा रंगवलेला मुखवटा पाण्यात घातला तर तो हातचा जातो.

चांदीच्या मुखवट्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पातळ पत्र्याचे काम चेपू नये म्हणून आतून लाख किंवा राळ भरण्याची पद्धत आहे. असा मुखवटा काट्यावर जड भरतो, पण ते सगळे वजन चांदीचे नसते. हॉलमार्किंग केंद्रांत क्ष-किरणांच्या यंत्रावर मुखवट्याला ओरखडाही न पडता शुद्धता कळते. मात्र हे यंत्र वरचाच थर वाचते. जाड मुलामा त्याला फसवू शकतो, म्हणून यंत्राचा आकडा आणि वजनाची परीक्षा एकमेकांशी ताडून पाहावीत.

कसा घडवला आहे?

मुखवटा समोरून सगळेच पाहतात. जाणकार तो आधी उलटा करतात, कारण घडवणाऱ्याने समोरची बाजू घासून साफ केलेली असते आणि मागची तशीच सोडलेली असते.

पितळी मुखवटा दोन प्रकारे घडतो. ओतारी तो साच्यात ओततो किंवा कारागीर पत्रा ठोकून त्याला उठाव देतो. मेणाच्या साच्यावर ओतलेल्या मुखवट्याची आतली बाजू खडबडीत असते. कुठे जाडी जास्त, कुठे कमी, कुठे हवेच्या बुडबुड्याने पडलेले बारीक भोक आणि त्यावर मारलेला डाक. खाचांत साच्याच्या भाजलेल्या मातीचे काळे कणही सापडतात. या पद्धतीत प्रत्येक वेळी मेण वितळून जाते आणि साचा फोडावा लागतो. म्हणून हाताने घडवलेल्या मेणावरून ओतलेला मुखवटा एकटाच असतो, त्याची हुबेहूब जोडी निघत नाही. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांच्या चेहऱ्यांत थोडा फरक दिसला तर त्यात दोष मानू नये. ती हाताच्या कामाची खूण आहे. दोन्ही चेहरे तंतोतंत सारखे असतील आणि दोघींच्या एकाच जागी एकच बारीक खोट असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाले आहेत.

ठोकून घडवलेल्या मुखवट्यात जाडी बरीचशी सारखी असते आणि आतून हातोडीचे पुसट खळगे दिसतात. यंत्राच्या दाबाने एका घावात काढलेल्या मुखवट्यात हे खळगे नसतात आणि त्याच्या कडा सारख्या कापलेल्या असतात.

मग बारीक गोष्टी पाहाव्यात. नथीचे भोक गोल आणि गुळगुळीत आहे की वर्षानुवर्षे तार घासून खाली ओढल्यासारखे लांबट झाले आहे? भुवया कोरलेल्या आहेत की रंगवलेल्या? डोळ्यांत चांदी बसवली आहे का? केस मागे खोप्यात संपतात की मुखवटा कानामागेच तुटतो? गळ्याच्या आत, कोठीच्या कडेवर तो बसतो तिथे, घासून चकचकीत झालेले कडे आहे का? हे कडे फार बोलके असते. जो मुखवटा वर्षानुवर्षे त्याच कोठीवर बसला, त्याच्या गळ्यात त्या कोठीच्या मापाचा व्रण उमटतो. बाजारासाठी जुना केलेला मुखवटा चेहऱ्यावर काळा असतो, पण गळ्यात कोरा राहतो.

कृत्रिम जुनेपणा ओळखण्याचा नियम यातूनच निघतो. खरी झीज हात लागतो तिथे असते आणि खाचांत रेषा ताज्या राहतात. आम्लाने किंवा धुराने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा पसरतो. खऱ्या मुखवट्याच्या नाकपुडीशी, कानामागे आणि केसांच्या रेघांत हळदीकुंकवाचा घट्ट बसलेला थर असतो. तो खरवडून काढू नये, कारण पुराव्याचा तो एक भाग आहे.

लाकडी आणि लगद्याच्या कामासाठी नांदेडच्या पूर्वेकडचे, तेलंगणातले निर्मळ लक्षात घ्यावे. निजामाच्या काळात दोन्ही गावे एकाच हैदराबाद संस्थानात होती. निर्मळची खेळणी पुनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात आणि त्यांचे सांधे चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणाने भरतात. रंग उडालेल्या जागी असा तपकिरी भरणा दिसला, तर वस्तूचे मूळ त्या बाजूला शोधायला आधार मिळतो.

केव्हाचा आहे?

नुसत्या चेहऱ्यावरून वर्ष सांगणे धोक्याचे असते, कारण जुना घाट पुढेही तसाच वापरला जातो. काळ ठरतो लेखी खुणांवरून. पितळी भांड्यांवर नाव घालण्याची चाल मुखवट्यांच्या मागेही, कोठीवर, ताटावर किंवा समईवर दिसते. टोचे मारून उमटवलेल्या या अक्षरांत कधी मोडी, कधी बाळबोध, कधी उर्दू लिपी असते. मोडीतला मजकूर बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या अलीकडचा नसतो, कारण त्यानंतर मोडीचा रोजचा वापर संपत गेला.

आकडा दिसला तर तो कोणत्या सनाचा हे आधी ठरवावे. शके असेल तर ७८ मिळवावे. शके १८३२ म्हणजे इसवी सन १९१०, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी एक वर्ष अधिक. नांदेड-लातूरच्या जुन्या कागदांत मात्र फसली सन वारंवार भेटतो, कारण हैदराबाद संस्थानाचा कारभार त्यावर चाले. त्यात ५९० मिळवावे लागतात. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. फसली आकडा शके समजून वाचला, तर १९४० चा मुखवटा थेट पंधराव्या शतकात जाऊन बसतो. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या ‘पाचशे वर्षांपूर्वीच्या’ वस्तूंचे वय असेही वाढलेले असू शकते.

कागदपत्रेही तपासावीत. पावतीत किंवा वाटणीपत्रात ‘हाली’ रुपयांचा उल्लेख असेल, तर ते हैदराबादचे चलन चालू होते तेव्हाचे. संस्थानातली निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, पण हाली नाणे त्यानंतरही काही वर्षे व्यवहारात होते. पत्त्यात ‘जिल्हा लातूर’ असेल तर कागद १९८२ नंतरचा, कारण त्याआधी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका होता.

या सगळ्यात एक सावधगिरी हवी. मागचे नाव वस्तू घडली त्याच दिवशी घातलेले असते असे नाही. लग्नात, दानात किंवा वाटणीनंतरही नाव घालतात. त्यामुळे कोरलेले वर्ष एवढेच सांगते की मुखवटा त्यापेक्षा नवा नाही.

जपानच्या बाहुल्यांचा धडा

ओळख पटवण्याचे हे शास्त्र जगात जिथे फार बारकाईने वाढले, त्यांत जपान अग्रभागी आहे. तिथे ३ मार्चला हिना मात्सुरी हा मुलींचा सण असतो. लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर राजा-राणी, दासी आणि वादक यांच्या बाहुल्या मांडतात आणि सण संपताच त्या पेटीत ठेवतात. पायऱ्यांची आरास, वर्षातून एकदा दर्शन आणि लगोलग आवरासावर, हे सगळे मराठवाड्यातल्या घराला ओळखीचे वाटेल.

जपानी जाणकारही आधी डोके काढून पाहतो, कारण जुन्या बाहुलीचे डोके वेगळे घडवून धडात खोवलेले असते. ते लाकडाचे किंवा किरी झाडाच्या भुशात खळ मिसळून केलेले असते आणि त्यावर गोफुनचे, म्हणजे शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचे, अनेक थर दिलेले असतात. डोळे रंगवलेले की काचेचे, वस्त्राचे रेशीम मूळचे की नंतर बदललेले, पेटीवर कारागिराचे नाव आहे का, हे प्रश्न क्रमाने येतात. मूळ पेटी आणि पूर्ण संच असेल तर मोल वाढते. डोके एका बाहुलीचे आणि धड दुसऱ्या बाहुलीचे असेल तर ते घसरते.

संच मोडला की काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण १९२७ चे आहे. अमेरिकेतल्या मुलांनी जपानला १२ हजारांहून अधिक बाहुल्या मैत्रीची भेट म्हणून पाठवल्या होत्या. त्याच्या उत्तरादाखल जपानने ५८ मोठ्या बाहुल्या अमेरिकेला पाठवल्या. प्रत्येकीला नाव होते आणि स्वतःचे छोटे सामान होते. गावोगावच्या प्रदर्शनांत काही बाहुल्यांच्या बैठका आणि सामान एकमेकींत मिसळले. पुढे कोणती बाहुली कोणती हे ठरवायला अभ्यासकांना किमोनोवरच्या नक्षीपर्यंत आणि जुन्या फोटोंपर्यंत जावे लागले. बाहुल्या शाबूत होत्या, पण त्यांची ओळख हरवली होती.

किंमत कशी ठरते?

मुखवट्याला तीन वेगवेगळे भाव असतात आणि ते एकमेकांत मिसळले की माणूस फसतो. पहिला मोडीचा भाव. त्यात कारागिरी शून्य धरतात, नुसते वजन मोजतात आणि त्यातूनही घट कापतात. दुसरा, तसाच नवा मुखवटा आज दुकानात घ्यायचा तर पडणारा भाव. तिसरा संग्राहकाचा किंवा संग्रहालयाचा भाव. तो घडण, वय, अवस्था आणि पुरावा यांवर ठरतो. हाताने ओतलेल्या जुन्या पितळी जोडीसाठी पहिला भाव सर्वांत कमी असतो, आणि तरीही याच भावात बहुतेक जुने मुखवटे घराबाहेर पडतात.

तिसऱ्या भावात सर्वांत मोठा वाटा जोडीचा. ज्येष्ठा, कनिष्ठा, पिलवंडे आणि मूळ कोठ्या एकत्र असतील तर तो संच ठरतो. दोन भावांनी वाटणीत एकेक मुखवटा घेतला की दोघांकडेही अर्धी किंमत राहत नाही, अर्ध्याहून बरीच कमी राहते. त्यानंतर घडणीची नजाकत, दुरुस्तीचे प्रमाण आणि कुठल्या घरात किती पिढ्या होता याचा लेखी पुरावा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला महालक्ष्म्या सासरच्या की माहेराहून आलेल्या हे माहीत असते. ते तिच्याकडून ऐकून लिहून ठेवले, तर तोही पुरावाच आहे.

विक्रेते सांगतात त्या किमतीवरून अंदाज बांधू नये. लिलावात तशीच वस्तू प्रत्यक्षात केवढ्याला गेली ते पाहावे. जो विकत घेणार आहे त्याच्याकडूनच किंमत करून घेऊ नये.

मोल घटवणाऱ्या गोष्टींत चकचकीत करण्याची हौस पहिली. चिंच आणि राखेने घासताना दर वेळी धातूचा पातळ थर जातो आणि पन्नास वर्षांत भुवयांच्या रेषा सपाट होतात. अमोनिया असलेली रसायने पितळेला विशेष घातक. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप चिरत. त्याचे कारण जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळेतला ताण हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळी मुखवट्यात असाच ताण उरलेला असतो. म्हणून असे मुखवटे गोठ्यालगतच्या माळ्यावर ठेवू नयेत. कोरड्या सुती कापडात, एकमेकांना न भिडवता ठेवावेत. चांदीजवळ रबर किंवा लोकर नको, कारण त्यांतल्या गंधकाने ती काळी पडते. जुन्या शाडूच्या मुखवट्यावर नवा रंग चढवला की मूळ चेहरा कायमचा झाकला जातो.

कायदा काय सांगतो?

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा आहे आणि तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. किमान १०० वर्षे जुनी शिल्पे, चित्रे आणि कलावस्तू त्याच्या व्याख्येत येतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू घरात ठेवायला बंदी नाही. मात्र धातूची, दगडाची, भाजक्या मातीची शिल्पे यांसारख्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि घरातला मुखवटा त्यात मोडतो की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवतो. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, पाठवल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी असलेल्या मुला-सुनेला घरच्या महालक्ष्म्या सामानातून पाठवण्यापूर्वी हे माहीत असायला हवे. वस्तू १०० वर्षांच्या आतली असेल तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो.

चौकशीसाठी राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे विभागीय कार्यालय नांदेडमध्ये आहे. लातूरकरांना धाराशिव जिल्ह्यातले तेर जवळ पडते. तिथले संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तूंतून उभे राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या स्त्रीमूर्ती तिथे पाहता येतात. केशरचना, कर्णभूषणे आणि साच्याच्या खुणा यांवरून मूर्तीचा काळ कसा वाचतात हे शिकायला त्या उपयोगी आहेत. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घरगुती वस्तूंच्या तुलनेसाठी उत्तम.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक मुखवट्याचे समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, आतून आणि गळ्याच्या कडेचे असे सहा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. उंची, वजन, धातू, कोरलेली अक्षरे जशीच्या तशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत लिहावी. भंगलेला मुखवटा विसर्जित करायचा असला, तरी आधी त्याचीही नोंद व्हावी. फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. घर जाते तेव्हा देवघरही जाते. बाहेरगावी ठेवलेली नोंद तेवढी मागे उरते.

यंदा मूळ नक्षत्रावर मुखवटे उतरवले की ट्रंकेचे झाकण लावण्याआधी अर्धा तास काढावा, फोटो घ्यावेत आणि कोणाकडून आल्या, केव्हा आल्या, एवढे लिहिलेली चिठ्ठी त्याच कापडात ठेवावी. पुढच्या पिढीत मोल करायला बसणाऱ्याला या चिठ्ठीइतका भक्कम पुरावा दुसरा मिळणार नाही.